नाकारलेले अर्ज : ऊत्रो प्रकरण आणि तपास-न्यायाधीशासमोरचा बचावाचा वकील

उत्तर फ्रान्समधल्या बुलोन्य-सुर-मेर या बंदराच्या शहरात, तपास-न्यायाधीशांच्या, म्हणजे गंभीर गुन्ह्याचा तपास स्वतः करणाऱ्या न्यायाधीशांच्या, कार्यालयात, एकाच धाटणीची बैठक वेगवेगळ्या आरोपींसाठी पुन्हा पुन्हा भरली. एका बाजूला आरोप ठामपणे नाकारणारी एक व्यक्ती आणि तिचा वकील असे. समोर आरोप करणारे तिघे प्रौढ एकत्र बसलेले असत : अत्याचार झालेल्या मुलांची आई, तिची शेजारीण आणि त्या शेजारणीचा जोडीदार. न्यायाधीश आधी आईला विचारत आणि ती सविस्तर सांगे. मग शेजारणीची पाळी येई आणि ती नुकतेच ऐकलेले थोडक्यात पुन्हा सांगे. शेवटी जोडीदार दोघींच्या सांगण्याला दुजोरा देई. न्यायाधीश शब्द सांगत, लिपिक ते उतरवून घेई, सगळे सह्या करत, आणि फाइलमध्ये एकाऐवजी तीन साक्षींची भर पडे.

तिघांना वेगवेगळे समोर आणावे, म्हणजे एकाचे ऐकून दुसऱ्याला बोलता येणार नाही, एवढीच बचावाच्या वकिलांची मागणी होती. ती फेटाळली गेली. माझ्या मते ऊत्रो प्रकरण, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या तपासात 13 निरपराध माणसे गोवली गेल्याचे प्रकरण, समजून घेण्याची किल्ली या एका नकारात आहे, आणि चौकशीप्रधान, म्हणजे न्यायाधीशच तपास करतो अशा, न्यायपद्धतीत बचावाच्या वकिलाचे नेमके काम काय, या प्रश्नाचे उत्तरही तिथूनच शोधावे लागते.

घटनाक्रम

ऊत्रो हे बुलोन्यला लागून असलेले छोटे गाव. तिथल्या कामगारवस्तीतल्या एका कुटुंबातली मुले सरकारी देखरेखीखाली पाळणाऱ्या कुटुंबांकडे ठेवलेली होती. 2000 च्या अखेरीस त्यांनी आईवडिलांकडून होणाऱ्या लैंगिक अत्याचारांबद्दल सांगायला सुरुवात केली. 2001 च्या फेब्रुवारीत न्यायालयीन तपास सुरू झाला आणि तो फाब्रिस ब्युर्गो या तरुण तपास-न्यायाधीशांकडे गेला. न्यायाधीश म्हणून त्यांची ही पहिलीच नेमणूक होती. आईवडील आणि शेजारचे जोडपे या चौघांचा गुन्हा खरा होता आणि तो पुढे सिद्धही झाला; वडिलांना 20 वर्षांची आणि आईला 15 वर्षांची शिक्षा झाली. हे आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण या प्रकरणाची चर्चा करताना मुलांवर काहीच घडले नव्हते असा समज पसरतो, आणि तो त्या मुलांवर दुसरा अन्याय आहे.

मात्र तपास त्या चौघांपाशी थांबला नाही. मुलांच्या आणि आईच्या तोंडून नवी नावे येत गेली. फिरत्या गाडीवर पाव विकणारी बाई, न्यायालयाचे आदेश बजावणारे अधिकारी आणि त्यांची पत्नी, टॅक्सीचालक, कामगारांमध्ये राहणारे धर्मगुरू, एक वडील आणि त्यांचा मुलगा अशी यादी वाढत गेली. सँत-ओमेरच्या ज्यूरी न्यायालयात 4 मे ते 2 जुलै 2004 या काळात 17 जणांवर खटला चालला. 10 जण दोषी ठरले आणि सात निर्दोष सुटले. दोषी ठरलेल्यांपैकी सहा जणांनी अपील केले, आणि 1 डिसेंबर 2005 रोजी पॅरिसमध्ये ते सहाही जण निर्दोष ठरले. म्हणजे एकूण 13 निरपराध माणसे आरोपीच्या बाकावर बसली होती, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांनी निकालाआधीच दीर्घ काळ, काहींनी तर तीन वर्षांच्या आसपास, तुरुंगात काढला होता. आरोप नाकारणारा आणखी एक माणूस खटला उभा राहण्याआधीच, जून 2002 मध्ये, कोठडीत औषधांच्या अतिसेवनाने मरण पावला.

वकिलाच्या हातात काय होते

सरकार विरुद्ध आरोपी असा दोन पक्षांचा सामना, आणि न्यायाधीश मधे तटस्थ, ही रचना ज्या वाचकाच्या मनात पक्की आहे त्याला फ्रेंच वकिलाचे वागणे सुरुवातीला निष्क्रिय वाटते. तो स्वतः साक्षीदार शोधत नाही, त्यांच्या घरी जाऊन जबाब घेत नाही, आपली वेगळी फाइल उभी करत नाही. याचे कारण असे की गंभीर गुन्ह्यात तपास करण्याचे काम कायद्याने तपास-न्यायाधीशाकडे दिलेले आहे, आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 81 नुसार त्याने आरोपाच्या बाजूचा आणि आरोपीच्या बाजूचा असा दोन्ही अंगांनी शोध घ्यायचा असतो. खटल्यात पुढे ज्याच्यावर निर्णय होतो तो मजकूर बहुतांशी या एकाच फाइलमध्ये तयार होतो. शिवाय साक्षीदाराशी परस्पर बोलण्यात खरा धोकाही आहे. साक्षीदारावर दबाव आणणे हा दंडसंहितेच्या कलम 434-15 खाली तीन वर्षांच्या कैदेचा आणि 45,000 युरो दंडाचा गुन्हा आहे, आणि निरागसपणे घेतलेली भेट कशी रंगवली जाईल हे वकिलाच्या हातात नसते.

मग त्याच्या हातात उरते काय? पहिली गोष्ट म्हणजे फाइल. 1897 च्या कायद्याने वकिलाला तपास-न्यायाधीशाच्या खोलीत प्रवेश मिळाला, आणि आज प्रत्येक चौकशीच्या किमान चार कामकाजी दिवस आधी संपूर्ण फाइल त्याला पाहायला मिळावी लागते. दुसरी गोष्ट म्हणजे अर्ज. 15 जून 2000 च्या कायद्यानंतर सत्यशोधनासाठी आवश्यक वाटणारी कोणतीही कृती तपास-न्यायाधीशाकडे लेखी मागण्याचा हक्क पक्षकारांना आहे. न्यायाधीशाला एका महिन्यात कारणांसह उत्तर द्यावे लागते आणि नकाराविरुद्ध वरच्या तपास-खंडपीठाकडे जाता येते. ऊत्रोच्या बाबतीत ते खंडपीठ दुए शहरात होते.

या दोन्ही हक्कांमागे एक गृहीतक आहे : न्यायाधीश खरोखरच दोन्ही बाजूंनी शोध घेतो आहे आणि वकील त्याच्या नजरेतून निसटलेल्या गोष्टी दाखवून देतो. हे गृहीतक टिकते तोवर वकील म्हणजे न्यायदानाचा सहायक, ही जुनी कल्पना शोभून दिसते. न्यायाधीशाचे मत आधीच बनलेले असेल, तर त्याच कल्पनेतून वकिलाची कोंडी होते. तो मागतो ते तपासाला अडथळा ठरते. गप्प राहिला तर ते तपास नीट चालल्याची कबुली ठरते.

तिघांची एकत्र बैठक

पुन्हा त्या खोलीत जाऊ या. समोरासमोर चौकशीचे सगळे मोल एका साध्या गोष्टीत असते. दोन माणसांनी एकच घटना पाहिली असेल तर त्यांच्या सांगण्यात तपशील थोडेफार जुळतात आणि थोडेफार जुळत नाहीत, आणि ते कुठे जुळत नाहीत यावरूनच खरेखोटे कळू लागते. तिघांना एकत्र बसवले आणि पहिलीचे ऐकूनच दुसरी बोलली, की हे कळण्याची वाटच बंद होते. कोणत्या खोलीत, कोणत्या वर्षी, कोण कुठे बसले होते असे प्रश्न वकिलाने कितीही कौशल्याने विचारले, तरी पहिल्या उत्तरानंतर पुढच्या दोघांना फक्त होकार देणे उरते.

त्यात नोंदीची पद्धत भर घालते. लिपिक बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहीत नाही, तर न्यायाधीश आपल्या भाषेत सांगतात ते लिहितो. चाचरत, अडखळत आलेले उत्तर कागदावर पूर्ण आणि नेटके वाक्य होऊन उतरते. बोलणाऱ्याने थांबून आईकडे पाहिले, हे कागदावर येत नाही. वकिलाने ते डोळ्यांनी पाहिलेले असते, पण खटल्यासाठी पुढे जाणाऱ्या फाइलमध्ये त्याला जागा नसते.

अशा वेळी वकिलाने काय करावे? एक मार्ग बैठकीतून उठून जाण्याचा आहे. तो मला मान्य नाही, कारण आरोपी एकटा पडतो आणि बैठक तरीही होते. दुसरा मार्ग न्यायाधीशाशी जुळवून घेण्याचा आहे. छोट्या न्यायालयात त्याच न्यायाधीशासमोर उद्या दुसऱ्या अशिलासाठी उभे राहायचे असते, म्हणून हा मोह वरवर दिसतो त्याहून मोठा असतो. तिसरा मार्ग कष्टाचा आणि अपमानाचा आहे : प्रश्न नाकारला गेला तर तो नाकारलेला प्रश्न नोंदीला जोडण्याचा आग्रह धरायचा, अर्ज फेटाळला गेला तर अपील करायचे, आणि तेही फेटाळले गेले तर पुन्हा अर्ज करायचा. फ्रेंच वकील आपली शपथ प्रतिष्ठा, विवेक, स्वातंत्र्य, सचोटी आणि माणुसकी या पाच शब्दांत घेतो. त्यातल्या ‘स्वातंत्र्य’ या शब्दाचा अर्थ रोजच्या कामात हाच होतो, असे मी मानतो. उत्तर नकारार्थी येणार हे माहीत असूनही लिहिलेला अर्ज वाया जात नाही. जे मागितले होते आणि दिले गेले नाही, ते तारखेसह फाइलमध्ये राहते. पुढे या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीला ही कागदपत्रे वाचून वकिलांनी काय मागितले होते आणि काय नाकारले गेले हे दाखवता आले, ते या चिकाटीमुळेच.

कबुली देणाऱ्याची सुटका

वकिलाच्या नीतीची सर्वांत कठीण कसोटी मात्र न्यायाधीशासमोर लागली नाही. ती लागली तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत, अशिलासमोर.

आरोप मान्य करून इतरांवर बोट ठेवणारी शेजारीण खटल्याआधीच तुरुंगाबाहेर आली होती. आरोप नाकारणारे आतच होते, कारण नाकारणारा माणूस साक्षीदारांवर दबाव आणील, अशी भीती दाखवून कोठडी वाढवता येत होती. आता कल्पना करा की तुरुंगात महिनोन्‌महिने काढलेला, मुलांची ताटातूट सोसणारा, कामधंदा गमावलेला अशील वकिलाला विचारतो : मी हो म्हटले तर मला घरी जाता येईल का? या प्रश्नाचे खरे उत्तर ‘कदाचित’ असे आहे, आणि वकिलाने अशिलाशी खोटे बोलायचे नसते. पण हे खरे उत्तर देणे म्हणजे निरपराध माणसाला खोट्या कबुलीचा रस्ता दाखवणेही होऊ शकते.

इथे मला एकच वाट प्रामाणिक वाटते. अशिलाला व्यवस्था कशी चालते ते न लपवता सांगावे. कबुलीची किंमत पुढे ज्यूरीसमोर कशी मोजावी लागेल, आणि मागे घेतलेली कबुलीही फाइलमधून पुसली जात नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे. निर्णय त्याचा राहील, पण जे घडलेच नाही ते कबूल करण्याचा सल्ला वकिलाच्या तोंडून येता कामा नये. आणि त्याच दिवशी कोठडीतून सुटकेचा नवा अर्ज दाखल करावा, जेणेकरून अशिलाला बाहेर पडण्याचा दुसरा दरवाजा निदान ठोठावला जातो आहे एवढे तरी दिसावे. आदेश बजावणाऱ्या त्या अधिकाऱ्यांनी अर्ज, अपील, विनवण्या सगळे संपल्यावर तुरुंगात अन्नत्याग केला. माणूस आपले शरीरच अर्ज म्हणून पुढे करतो, तेव्हा कागदावरचे अर्ज कुणी वाचलेच नव्हते असा त्याचा अर्थ होतो.

नसलेल्या खुनाचे पत्र

याच टप्प्यावर एका तरुण आरोपीने जे केले ते कोणत्याही वकिलाला सुचवता आले नसते. 2002 च्या जानेवारीच्या सुरुवातीला त्याने तुरुंगातून न्यायाधीशांना आणि एका दूरचित्रवाहिनीला पत्र लिहून एका लहान मुलीचा खून आपण पाहिल्याचे कळवले. खून झालाच नव्हता. पुढे त्याने सांगितले की, आरोप करणारी आई खोटे बोलते हे सिद्ध करण्यासाठी त्याने ही गोष्ट रचली होती. आईने खरोखरच या कल्पित खुनाला दुजोरा दिला. वस्तीतल्या बागेत खोदकाम झाले. काहीही सापडले नाही.

बचावाच्या दृष्टीने याहून बोलका पुरावा मिळणे कठीण. जी बाई न घडलेल्या खुनाची साक्षीदार होते, तिच्या शब्दावर इतरांना आत ठेवता येत नाही. पण हा भाग मुख्य फाइलपासून वेगळा काढला गेला, आणि ज्या पद्धतीत फाइलबाहेरचे जवळजवळ अस्तित्वातच नसते, त्या पद्धतीत तो वेगळा काढण्याचा परिणाम काय होतो हे सांगायला नको.

वकिलाच्या बाजूने प्रश्न असा उभा राहतो : अशिलाने असा बेत आधीच कानावर घातला असता तर? फ्रेंच प्रक्रियेत आरोपी शपथेवर बोलत नाही आणि स्वतःच्या बचावात खोटे बोलल्याबद्दल त्याला शिक्षा होत नाही. वकिलाला मात्र ती मोकळीक नाही. खोटे आहे हे ठाऊक असलेली गोष्ट तो न्यायाधीशापुढे स्वतः मांडू शकत नाही. त्याच वेळी व्यावसायिक गुप्ततेमुळे तो अशिलाचा बेत उघडही करू शकत नाही. त्याने अशिलाला परोपरीने परावृत्त करावे, आणि तरीही पत्र गेलेच तर त्या पत्राच्या खरेपणाबद्दल एक शब्दही न बोलता आईच्या दुजोऱ्यावर बोट ठेवावे, एवढेच त्याच्या हाती राहते. हे समाधानकारक उत्तर नाही, पण यापेक्षा स्वच्छ उत्तर मला सापडत नाही.

ज्यूरीसमोर

2004 च्या मे महिन्यात सँत-ओमेरला आईने भर न्यायालयात सांगितले की आपण खोटे बोललो आणि ही माणसे निरपराध आहेत. पुढे ती पुन्हा फिरली, पण फाइलमध्ये भक्कम दिसणारी इमारत तोंडी सुनावणीत कशी डळमळते हे सर्वांनी पाहिले होते. पाववाल्या बाईच्या बाजूने उभे असलेले आणि पुढे 2020 मध्ये फ्रान्सचे कायदामंत्री झालेले एरिक द्युपों-मोरेती यांच्यासह बचावाच्या वकिलांना, तपासाच्या काळात न मिळालेली गोष्ट इथे मिळाली : साक्षीदाराला सर्वांदेखत थेट प्रश्न विचारण्याची संधी. हाही 15 जून 2000 च्या कायद्याने आणलेला बदल होता. त्याआधी वकिलाचा प्रश्न न्यायालयाच्या अध्यक्ष-न्यायाधीशांच्या तोंडून जात असे. ज्यूरी न्यायालयाच्या निकालावर अपीलही त्याच कायद्याने प्रथम आले. ते नसते तर उरलेल्या सहा जणांसाठी पॅरिसचा खटला उभाच राहिला नसता.

या टप्प्यावर बचावाच्या वकिलांवर झालेली टीका टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. लहान मुलांना भर न्यायालयात खोडून काढले गेले, प्रौढांची बाजू मोठ्या आवाजात मांडली गेली आणि मुलांची बाजू त्यात हरवली, असे म्हणणारे लोक फ्रान्समध्ये आजही आहेत. शेवटी 12 मुले अत्याचाराची बळी ठरली, हे लक्षात घेता ती टीका हलकी नाही. मुलाच्या शब्दावर शंका घेणे वकिलाचे कर्तव्य असते. मुलाला खोटारडे ठरवणे हे नसते. मुलाचे म्हणणे कुणी, कधी, कोणत्या प्रश्नानंतर, कितव्या वेळी ऐकले, हे तपासणे शक्य असते, आणि त्यासाठी मुलावर आवाज चढवावा लागत नाही. तपासाच्या खोलीत वेळेवर मुलांची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांना प्रतिप्रश्न करता आले असते, तर हा सगळा भार सुनावणीत मुलांवर पडला नसता.

नंतर कायद्यात आलेले

राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी निर्दोष सुटलेल्यांना पत्र लिहून खेद व्यक्त केला. संसदेच्या खालच्या सभागृहाने आंद्रे वालिनी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. ब्युर्गो यांची साक्ष फेब्रुवारी 2006 मध्ये दूरचित्रवाणीवर थेट दाखवली गेली आणि जूनमध्ये अहवाल आला. ब्युर्गो यांना 2009 मध्ये शिस्तभंगाची सौम्य शिक्षा, म्हणजे ताकीद, मिळाली. सगळा दोष एका तरुण न्यायाधीशावर टाकणे मात्र सोयीचे आहे. कोठडीचे आणि अपिलांचे आदेश अनेक अनुभवी न्यायाधीशांच्या हाताखालून गेले होते.

5 मार्च 2007 च्या कायद्याने गंभीर गुन्ह्यांत पोलीस कोठडीतल्या आणि तपास-न्यायाधीशासमोरच्या चौकशीचे दृक्‌श्राव्य मुद्रण आणले. तज्ज्ञाला द्यायच्या प्रश्नांची प्रत आधी पक्षकारांना मिळू लागली. तपास तीन न्यायाधीशांनी मिळून करावा ही तरतूद मात्र वारंवार पुढे ढकलली गेली आणि 2016 मध्ये सोडून दिली गेली. बचावाच्या वकिलाच्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण बदल संहितेच्या कलम 120-1 मध्ये आहे. अनेकांनी आरोप केलेल्या व्यक्तीला त्या प्रत्येकाशी स्वतंत्रपणे समोरासमोर चौकशी मागता येते, आणि सामूहिक बैठक ठेवली आहे एवढ्याच कारणावरून ही मागणी फेटाळता येत नाही. बुलोन्यमध्ये फेटाळल्या गेलेल्या त्या मागणीचे शब्दच जणू कायद्यात उतरले आहेत.

30 नोव्हेंबर 2005 रोजी पॅरिसच्या न्यायालयात सरकारी पक्षाने सहाही आरोपींना निर्दोष सोडण्याची मागणी केली. त्यानंतर बचावाच्या वकिलांची अंतिम भाषणे व्हायची होती. त्यांनी ती केली नाहीत. त्याऐवजी त्यांनी कोठडीत मरण पावलेल्या माणसासाठी एक मिनिट शांतता पाळण्याची विनंती केली आणि न्यायालय उभे राहिले. आरोपीच्या मृत्यूबरोबर त्याच्याविरुद्धची कारवाई संपते, म्हणून त्याच्या नावाने ना खटला झाला होता, ना निकाल; त्याला निर्दोष ठरवण्याचा अधिकार त्या ज्यूरीला नव्हता, आणि त्याच्या वतीने करता येईल असा कोणताही अर्ज कायद्यात उरलेला नव्हता.